किकवी धरण आधी, की गळती आधी? नाशिकच्या पाण्याचा हिशेब

गोदाकाठ (धागाकर्ता)

सिंहस्थ २०२७ च्या तयारीच्या धामधुमीत किकवी धरणाची मागणी पुन्हा वर आली आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यात ब्राह्मणवाड्याजवळ, गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला व्हायचं हे धरण. २००९ साली प्रशासकीय मान्यता मिळाली, मग वनजमीन आणि भूसंपादनात वर्षं गेली. 'नाशिक वाढतंय, धरण हवंच' हे वाक्य इतकं कानावरून गेलंय की त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. म्हणून मी विचारतो. गळती आणि मीटर यांचा हिशेब लागेपर्यंत नव्या धरणावर एक रुपयाही खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आकडेमोड कंटाळवाणी असते, पण इथं तिच्यावाचून गत नाही. किकवीची क्षमता १,५९६ दशलक्ष घनफूट. एक दलघफू म्हणजे सुमारे २.८३ कोटी लिटर. धरण काठोकाठ भरलं, बाष्पीभवन शून्य धरलं आणि थेंब न थेंब शहरात आणला, तर वर्षभर रोज १२४ दशलक्ष लिटर मिळतील. शहर आज रोज ५५० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी उचलतं. त्यातलं हिशेबात न येणारं पाणी ४० टक्क्यांच्या आगेमागे असल्याचं वर्षानुवर्षं छापून येतंय. केंद्राचा मापदंड २० टक्क्यांचा. तिथवर आलो तर रोज ११० दशलक्ष लिटर सुटतात. म्हणजे जवळजवळ अख्खं किकवी शहराच्या रस्त्यांखालीच मुरतंय.

२०११ च्या जनगणनेत आपण १४ लाख ८६ हजार होतो. आज वीस-बावीस लाख धरा. ५५० ला भागून बघा, माणशी अडीचशे लिटरच्या वर जातं. मानक १३५ चं आहे.

आणि धरण म्हणजे नुसती भिंत नसते. काश्यपीच्या धरणग्रस्तांनी महापालिकेतल्या नोकऱ्यांसाठी किती वर्षं भांडण केलं, पाणी सोडायला विरोध केला, हे नाशिककर विसरले असतील, ती गावं विसरलेली नाहीत.

तिसरा_मजला

दादा, ते माणशी अडीचशे लिटर येतं कुठं, तेवढं सांगा. तिथंच राहायला जाते.

आम्ही पाथर्डी फाट्याच्या पुढं. सकाळी पाऊण तास नळ, तोही खालच्या टाकीत करंगळीएवढ्या धारेनं. मार्च लागला की टँकर. सोसायटीच्या खर्चात लिफ्टपेक्षा टँकर मोठा झालाय. तुमची गळती २० टक्क्यांवर येईल तेव्हा येईल, कोणत्या साली ते कोणी सांगत नाही. तोवर धरण अडवून ठेवणं म्हणजे घसा कोरडा पडलेल्याला सांगायचं, आधी शेजारच्याचा नळ दुरुस्त होऊ दे. गंगापूर रोडला बसून हे लिहायला सोपं आहे.

गोदाकाठ

ताई, मी पंचवटीत राहतो, गंगापूर रोडला नाही. पण तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. मुकणे धरण ७,२३९ दलघफूचं. त्याचं पाणी विल्होळीच्या शुद्धीकरण केंद्रात येऊन काही वर्षं झाली, आणि विल्होळी तर तुमच्या दारात. तरी तुमच्या टाकीत करंगळीएवढीच धार. मग कमी काय पडलं, धरण की जलकुंभ आणि वितरणाच्या वाहिन्या? उद्या किकवी बांधलं तरी त्याचं पाणी आपोआप तुमच्या मजल्यावर चढणार नाही.

निवृत्त_उपअभियंता

धागाकर्त्यांची आकडेमोड बरोबर आहे. निष्कर्ष मात्र अर्धाच पटतो. आयुष्य याच कामात गेलं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'हिशेबात न येणारं पाणी' आणि 'गळती' एक नव्हे. त्या ४० टक्क्यांत जमिनीत मुरणारं पाणी आहे, तसंच अनधिकृत जोडण्यांचं, बंद मीटरचं आणि बिलच न काढलेलं पाणीही आहे. हा दुसरा भाग कोणाच्या तरी हंड्यात जातोच. त्याला मीटर लावलंत तर पैसे येतील, थोडी उधळपट्टीही थांबेल, पण ते सगळं पाणी तुम्हाला परत मिळणार नाही. माणूस प्यायचं थोडंच सोडणार? त्यामुळे ११० पैकी खरोखर हातात किती पडतील, हे प्रत्येक जलकुंभाच्या तोंडाशी प्रवाहमापक बसवून, त्या कुंभाखालच्या घरांच्या मीटरशी ताळा घातल्याशिवाय कळणार नाही. ते काम आधी करा. त्याला माझा पूर्ण पाठिंबा.

घरोघरच्या मीटरची अडचण वेगळीच. दिवसातून तासभर पाणी सोडायचं आणि तेवीस तास वाहिनी रिकामी ठेवायची, तर नळ सुटताना आधी हवा येते आणि मीटर त्या हवेवरच फिरतं. लोक बोंब मारतात, ती खोटी नसते. शिवाय रिकाम्या वाहिनीत शेजारच्या गटारीचं पाणी ओढलं जातं. जुन्या नाशकात वाड्यांच्या बोळांतून गेलेल्या वाहिन्या कुठून कुठं जातात, ते कागदापेक्षा तिथल्या जुन्या व्हॉल्व्हमनला जास्त माहीत. अशा ठिकाणी चोवीस तास दाब ठेवायचा तर वाहिनी नवीनच टाकावी लागते. रस्ता फोडला की तेच नागरिक निवेदन घेऊन येतात.

आता धरण. वाचवलेलं पाणी आणि साठवलेलं पाणी यांत फरक आहे. आपलं आरक्षण साधारण १५ ऑक्टोबर ते ३१ जुलै असं धरतात. जून-जुलै कोरडा गेला तर गळती कमी असूनही धरणाचा तळ दिसतोच. गंगापूर समूहात काश्यपी १,८५२ आणि गौतमी गोदावरी १,८६८ दलघफूची. तीही त्याच त्र्यंबकच्या पावसावर, आणि पाऊस तिथं चार महिन्यांतच पडतो. पदरी जास्त साठा असणं हा वाढत्या शहराचा विमा आहे. किकवी हवं, या मताचा मी आहे आणि राहीन.

मिसळ_आणि_मत

नवीन धरण कशाला? आहे त्या गंगापूरमधला गाळ काढा की. फुकटात काम. शेतकरी स्वतः गाडी घेऊन येतील.

निवृत्त_उपअभियंता

गंगापूरची मूळ क्षमता ७,२०० दलघफू, आता ५,६३० धरतात. सगळा फरक गाळाचाच धरला तर तो साडेचार कोटी घनमीटरच्या घरात जातो. एका हायव्यात, म्हणजे मोठ्या डंपरमध्ये, १५ घनमीटर बसतो असं समजू. झाल्या सुमारे तीस लाख खेपा. उन्हाळ्यात जो काठ उघडा पडतो तिथलाच गाळ यंत्राला मिळतो, खोल भागातला नाही. कडेचा गाळ काढा, शेतात टाका, चांगलं काम आहे. पण ते धरणाला पर्याय म्हणून सांगू नका.

द्राक्षबाग_ओझर

शहरातली मंडळी आपापसात भांडत आहेत, बरं वाटलं. आमचाही आवाज ऐका.

गंगापूरचे कालवे शेतीसाठी काढले. पुढं शहर वाढलं, पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम, ते मान्य. पण दर साली कालवा सल्लागार समितीत शहराची मागणी वाढते आणि आमचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, आखडतं. बाग छाटणीला आली की पाणी लागतंच, तारीख पुढं ढकलता येत नाही.

गंमत सांगतो. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर १९९१ च्या सुमारास बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकारातून पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पुढं सगळं धरणच संस्थांच्या हाती आलं. तिथं शेतकरी पाणी घनमापनानं, म्हणजे मोजून घेतो आणि मोजल्याचे पैसे भरतो. शेपटाच्या शेतकऱ्यालाही वाटा मिळतो. ज्यांना अडाणी म्हणता त्या कुणब्यांनी चाऱ्यांवर, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्यांवर, पाणी मोजून दाखवलं. आणि ज्या शहरात इंजिनियर, बँका, आयटीवाले, तिथं म्हणे हवेवर मीटर फिरतं म्हणून मोजता येत नाही! उपअभियंता साहेब, राग मानू नका, पण हे काही गळी उतरत नाही.

निवृत्त_उपअभियंता

राग कसला. वाघाड पाहिलेलं आहे, कामाला तोड नाही. फक्त तिथं चारीवर, संस्थेच्या वाट्याला पाणी मोजतात. आत शेताशेतात वाटप संस्था तासांवर करते. शहरात लाखो नळांवर मोजायचं आहे.

द्राक्षबाग_ओझर

मग शहरातही तसंच करा ना. प्रभागाला मोजून द्या. आतलं वाटप नगरसेवक आणि सोसायट्या बघून घेतील. कोणाच्या प्रभागात किती मुरतं ते आठ दिवसांत बाहेर येईल.

गोदाकाठ

हेच! प्रत्येक जलकुंभातून किती गेलं आणि किती लिटरचं बिल झालं, हे दोन आकडे दर महिन्याला प्रभागाच्या फलकावर लावा.

आणखी एक. शहराला दिलेल्या पाण्याचं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं. नागपूरनं भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिलं. आपल्याकडे आगरटाकळीचं केंद्र आणि एकलहऱ्याचं वीज केंद्र एकाच बाजूला आहेत. एकलहऱ्याला नदीचं ताजं पाणी का?

द्राक्षबाग_ओझर

इथं मात्र आपलं जमणार नाही. ते 'सांडपाणी' तुम्ही टाकून दिलेलं समजता, पण खाली निफाड तालुक्यात ते उचलणारे शेतकरी आहेत. ते नीट स्वच्छ करून नदीत सोडा, ही आमची मागणी. दसक-पंचकपासून नांदूरमध्यमेश्वरपर्यंत पाणवेलींची चादर कशामुळे असते ते सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या पक्षी अभयारण्याला २०२० मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, राज्यातलं पहिलं. त्याच्या डोक्यावर शहराचं गटार. स्वच्छ केलेलं पाणी वीज केंद्राला विकलंत, तर नदीत उरेल ते न स्वच्छ केलेलंच.

पैठणचा_पाहुणा

बहीण राहते नाशकात म्हणून हा धागा वाचला. सगळा हिशेब झाला, आमचं नाव कोणीच घेतलं नाही. किकवी गोदावरीच्या अगदी उगमाशी. वर अडवलं की खाली जायकवाडीत तेवढं कमी. समन्यायी पाणीवाटपाचा २००५ चा कायदा, जलसंपत्ती नियामक प्राधिकरणाचा २०१४ चा आदेश, २०१६ चा उच्च न्यायालयाचा निकाल, सगळं झालेलं आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. २०२३ मध्ये ८.६ टीएमसीचा, म्हणजे ८,६०० दलघफूचा, आदेश निघाला तर नाशिक-नगरकर कोर्टात आणि रस्त्यावर. प्यायला आम्हालाही लागतं हो.

घाटमाथा

पाहुणे, नाशिक आणि पैठण एकमेकांच्या उरावर बसतात आणि पश्चिमेचं पाणी समुद्रात जातं. ऊर्ध्व वैतरणा धरण आपल्या जिल्ह्यात, पाणी मुंबईला. इगतपुरीत तीन हजार मिलिमीटर पाऊस, पलीकडे येवल्यात पाचशेच्या आसपास. दमणगंगा-एकदरे-गोदावरी जोड, वैतरणेतून मुकणेत पाणी वळवणं, याच्यावर एक व्हा. तूट भरून निघेल, भांडण संपेल.

निवृत्त_उपअभियंता

व्हावं. पण घाटाखालून पाणी वर चढवायचं म्हणजे कायमचं वीजबिल. ते कोण भरणार, हे नदीजोडच्या भाषणात येत नाही. वैतरणा-मुकणे त्या मानानं स्वस्त, कारण तिथं उपसा फारसा नाही. लहान म्हणून त्याचा गाजावाजा नाही.

द्राक्षबाग_ओझर

आणि पेठ-सुरगाण्यात एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन दरी उतरतात. पश्चिमेचं पाणी नाशिकला आणायच्या आधी त्या गावांसाठी थांबवा.

पैठणचा_पाहुणा

पश्चिमेचं पाणी येईल तेव्हा स्वागत. तोवर ६५ टक्के.

तिसरा_मजला

चर्चा पैठणला जाऊन आली, माझी टाकी आहे तिथंच आहे.

गोदाकाठ दादा, फलक लावायची कल्पना मला आवडली, अगदी उद्या लावा. पण 'तोवर एक रुपयाही नाही' ही अट सोडा. धरणाच्या मंजुऱ्यांनाच दीड दशक जातं. हिशेब लागल्यावर सुरुवात केली तर माझी मुलगी म्हातारी होईल. दोन्ही कामं बरोबर चालू द्या.

गोदाकाठ

ताई, अट सोडत नाही. दोन्ही बरोबर म्हटलं की निधी धरणाकडे जातो. धरणाचं भूमिपूजन होतं, फोटो येतो. सातपूरच्या एखाद्या गल्लीत बदललेल्या वाहिनीचा फोटो कोण काढणार? फार तर इतकं मान्य: भूसंपादनाची आणि वनखात्याची कागदपत्रं पुढं सरकू द्या. निविदा मात्र प्रवाहमापक बसल्यावरच.

निवृत्त_उपअभियंता

म्हणजे निविदा निघेपर्यंत खर्च दुप्पट. २००९ पासून हेच चाललंय.

ताई, तुमच्या सोसायटीचा भूखंड ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. खड्डा आहे का, की पूर्णत्वाच्या दाखल्यापुरता खणला होता? आपल्याकडे खाली काळा पाषाण, फार जिरत नाही. पण छतावरचं पाणी थेट बोअरमध्ये गाळून सोडलं तर थोडा आधार मिळतो.

तिसरा_मजला

खड्डा आहे. त्यावर पार्किंग आहे.

काका, एक विचारायचं राहिलं. आमचा टँकरवाला पाणी भरतो कुठून? ते तुमच्या ५५० दशलक्ष लिटरमध्ये धरलंय का?

निवृत्त_उपअभियंता

विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर नाही. ते कोणाच्याच हिशेबात नाही.

द्राक्षबाग_ओझर

विहिरीचंच असतं, ताई. आडगाव-मखमलाबादकडच्या. मे महिन्यात काही मालकांना कांद्यापेक्षा टँकर भरून देणं परवडतं. शेजारच्याची विहीर त्यामुळे पंधरा दिवस आधी आटते, त्यावर गावात वेगळी भांडणं चालू आहेत.