फिजिओच्या मशीनने जेल खरंच आत जातं का?

नौपाड्याची_लेक
आईचा कोपर दोन महिने दुखतोय, टेनिस एल्बो म्हणे (जन्मात रॅकेट धरली नाही, पोळ्या लाटूनच झालं असणार). फिजिओ डायक्लोफिनॅक (दुखण्यावरचं औषध) जेल लावून त्यावर अल्ट्रासाऊंड फिरवतात, याने औषध आत ढकललं जातं म्हणतात. आता सोमवारपासून करंटवालं करू म्हणाले, आयन्टो का कायतरी, त्याचे पैसे वेगळे. नुसतं हाताने चोळलं तर जात नाही का??

नेरुळ_फिजिओ
जातं की, पण थोडंच. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, जाडी जेमतेम १०-२० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), पण पेशींच्या फटीत चरबी ठासून भरलेली, खरी अडचण तीच. आयन्टोफोरेसिसमध्ये, म्हणजे तुमच्या त्या करंटवाल्यात, सारखा चार्ज सारख्याला लोटतो, म्हणजे डायक्लोफिनॅक निगेटिव्ह म्हणून निगेटिव्ह पॅडखाली, लिडोकेन (बधिर करायचं औषध) पॉझिटिव्ह म्हणून पॉझिटिव्हखाली. पॅड उलटे लागले तर औषध बसलं जागेवर. आणि करंट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा लागतो, साध्या टेन्स मशीनवर (दुखणं कमी करायला हलका करंट देणारं) हे होत नाही, तेवढं विचारून घ्या मग पैसे द्या. आईंना पेसमेकर नाही ना?

बी_फार्म_शेवटचं_वर्ष
अल्ट्रासाऊंडबद्दल माझं मत जरा वेगळंय. फिजिओचं मशीन १ किंवा ३ मेगाहर्ट्झवर चालतं, पण कातडीतली चरबी विस्कटायला त्याहून खूप कमी, २० किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरी जास्त कामाच्या, त्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात. त्यामुळे क्लिनिकमध्ये औषध किती आत जातं यावर वादच आहे. आणि घट्ट पांढरं क्रीम लावत असतील तर लहरीच अडतात, पारदर्शक जेल त्या मानाने बरं.

घामट_तळवे_वाशी
मी आयन्टो केलंय पण औषधाशिवाय, नळाच्या पाण्यात हात बुडवून करंट, तळहाताच्या घामासाठी. मुंग्या येतात, बाकी काही नाही. लोकलची दांडी आता हातातून सटकत नाही 😄

नौपाड्याची_लेक
पेसमेकर नाही. पॅडचं विचारते सोमवारी. पण आई घरी जेल लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवते, मुरतं म्हणे चांगलं

नेरुळ_फिजिओ
अहो ते आधी बंद करा! उष्णतेने रक्तपुरवठा वाढतो आणि औषध किती आत जाईल याचा हिशोबच राहत नाही, वर चटका बसतो तो वेगळा. औषधाच्या चिकटपट्टीवर तर पिशवी अजिबात नको. शेकायचंच असेल तर जेल नसताना शेका.

नौपाड्याची_लेक
सांगितलं. "तुझ्या आजीने आयुष्यभर हेच केलं" असं उत्तर मिळालं 🙏