आरएक्सच्या क्रोम रिमला सारखे गंजाचे टिपके येताहेत – मदत हवी आहे

खारा_वारा

नमस्कार मंडळी,

गाडी बाबांची. यामाहा आरएक्स १००, १९९४ची. बाबा गेल्यावर तीन वर्षं पडवीत उभी होती. गेल्या दिवाळीत इंजिनाचं काम करून रस्त्यावर आणली. आता एका किकमध्ये उठते, त्याबद्दल तक्रार नाही. रडगाणं आहे ते चाकांचं.

घर मालवणात, समुद्र चालत पाच मिनिटांवर. चाकं तारांची, रिम क्रोमची. दर रविवारी न चुकता गाडी धुते: शाम्पू, दोन बादल्या पाणी, जुनं बनियन. संध्याकाळी रिममध्ये तोंड बघून घ्यावं इतकी चकाकते. गुरुवार उजाडेपर्यंत तार जिथे रिममध्ये शिरते तिथे, निपलभोवती (तार आवळणारा छोटा नट), चहाचे थेंब सांडल्यासारखे तपकिरी टिपके. घासले की जातात, चार दिवसांनी हजर. हल्ली तर पुसल्यावरही बोटाला बारीक खरखर लागते.

आतापर्यंतचे उपद्व्याप: पितळेची भांडी घासायची पावडर (दोन दिवस लखलखाट, मग पहिल्याहून वाईट), चिंच, रॉकेल. एका गॅरेजवाल्याने संडास साफ करायचं ॲसिड पाण्यात घालून मारायला सांगितलंय. हात धजावत नाही म्हणून आधी इथे विचारतेय. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

पाना_दहाबारा

भाऊ, ॲसिडची बाटली आहे तिथेच ठेवा! त्यात हायड्रोक्लोरिक असतं. ते गंजासोबत क्रोमही खातं, आणि हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) उडालं तर ॲल्युमिनियम काळं पडतं. माझ्या ओळखीतल्या एकाने हा प्रयोग केलाय. दहा मिनिटांत रिम अशी झाली की शेवटी काळा रंग मारावा लागला.

खारा_वारा

भाऊ नाही, ताई :) बाटली परत संडासात गेली.

रसायनवाला

पावडरीचंही तेच, फक्त सावकाश. क्रोम म्हणजे वाटतो तसा जाड पत्रा नसतो. खाली लोखंड, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोमचा थर, एक मायक्रॉनहूनही पातळ. त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. पाणी आणि मीठ तिथून खाली उतरतं आणि लोखंड आतून गंजतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचा थर फुगवतो. बोटाला लागते ती खरखर हीच. तुम्ही दर आठवड्याला कणीदार पावडरीने तो पातळ थर आणखी झिजवताय. क्रोमला घासून चमक आणायची नसते, ती त्याच्यात असतेच. वरची घाण तेवढी काढायची.

निवांत_काका

ताई, एक बावळट प्रश्न. गाडी धुता ते पाणी कुठलं?

खारा_वारा

घरच्या विहिरीचं, काका. नळाचं पाणी एक दिवसाआड येतं, ते प्यायला.

निवांत_काका

विहीर समुद्रापासून पाच मिनिटांवर. एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं का?

खारा_वारा

आत्ता आईला विचारलं. ती म्हणाली, "मे महिन्यात त्या पाण्यात डाळ शिजत नाही, तुला माहीत नाही होय?" मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे मी दर रविवारी गाडीला मिठाची आंघोळ घालत होते??

निवांत_काका

तसंच काहीसं. सपाट भागावरचं पाणी तुम्ही पुसता. निपलच्या खाचेत राहिलेलं तिथेच वाळतं आणि मीठ मागे ठेवतं. रात्रीच्या दमट हवेत तेच मीठ पुन्हा ओल धरतं. टिपके बरोबर निपलपाशीच का, त्याचं उत्तर हे. आमचं देवगडला घर होतं तेव्हा माझ्या स्कूटरच्या नटबोल्टांचं असंच झालं होतं. शेवटचं पाणी गोडं हवं, अर्धी बादली पुरते. पावसाळ्यात पागोळ्यांचं धरून ठेवलंत तर उत्तमच.

पाना_दहाबारा

काकांना दंडवत. आता आलेले टिपके काढायचे असे: डबा गुंडाळतो ती ॲल्युमिनियमची फॉइल घ्या, चुरगळून लिंबाएवढा गोळा करा, साध्या पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, ओरखडा पडत नाही. काळपट राबडी निघेल, ती लगेच पुसायची. निपलभोवती जुना टूथब्रश. मग गोडं पाणी, कोरडं फडकं, आणि तासभर वाऱ्यावर. पूर्ण सुकल्यावरच गाडीचं मेणाचं पॉलिश. पावसाळ्याच्या तोंडावर निपलच्या मुळाशी व्हॅसलिनचं बोट फिरवलं तरी चालतं. टायरला लावू नका, आणि हबकडे तेलकट हात नेऊच नका. ड्रम ब्रेक आहेत, लायनरला तेल लागलं तर गाडी थांबायची नाही.

प्लास्टिकचं कव्हर घालत असाल तर काढा. आत घाम धरतं.

आणि पुढच्या वेळी टायर खोलाल तेव्हा रिम आतून बघा. निपलच्या भोकांतून पाणी आत जातं आणि ट्यूबखाली बसतं.

खारा_वारा (अकरा दिवसांनी)

फॉइलने पुढचं चाक ऐंशी टक्के तरी निघालं. टाकीचं पाणी वापरतेय, आई कुरकुरतेय. मधला गुरुवार आला आणि गेला, नवे टिपके नाहीत!

मागच्या चाकाची कथा वेगळी. काल पंक्चर नसताना मुद्दाम टायर खोलायला लावलं, पंक्चरवाला माझ्याकडे बघतच राहिला. रिम टेप (ट्यूबखालची पट्टी) हातात घेतली तर ओल्या पापडासारखी तुटली. आतून सगळं तांबडं, आणि वॉल्वच्या भोकाजवळ टोचलं तर पापुद्रे सुटले. रिम जुनीच ठेवून नव्याने क्रोम करून घ्यावी का? बाबांची आहे म्हणून टाकवत नाही.

पाना_दहाबारा

पापुद्रे काढून टाका आणि मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोरात दाबा. पत्रा टणक लागला तर तारेच्या ब्रशने घासून आतून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा रंग), नवी टेप, आणि बिनधास्त चालवा. बाहेरच्या क्रोमचं नंतर बघू. टोक रुतलं तर मात्र क्रोम करण्यात अर्थ नाही. प्लेटिंगआधी जुना थर उतरवून घासतात, त्यात उरलासुरला पत्राही जाईल. मग नवी रिम घ्या आणि तारा जाणकाराकडूनच बांधून घ्या. हब बाबांचाच राहील की.

खारा_वारा

रुतलं नाही. आत्ताच अंगणात बसून बघितलं. रेड ऑक्साइड आणायला निघालेय.