सायटिकासाठी कान टोचून घेण्याबद्दल

आईच्या सायटिकासाठी (कमरेतून पायात उतरणारं नसेचं दुखणं) कानाचं अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे कानाला बारीक सुया टोचून घेणं, करावं का, असं इथे एकाने विचारलंय. गंमत म्हणजे या उपचाराची सुरुवातच सायटिकातून झाली. फ्रान्सच्या लिआँमधल्या डॉ. पॉल नोजिएंना काही रुग्णांच्या कानावर डागल्याच्या खुणा दिसल्या. त्यानेच सायटिका थांबली, असं ते रुग्ण सांगत. त्यावरून नोजिएंनी १९५०च्या दशकात कानाचा नकाशा मांडला, म्हणजे कानाचा कुठला बिंदू शरीराच्या कुठल्या भागाचा ते: जणू कानात उलटं अर्भक, पाळीवर डोकं. (डाग आपल्याकडेही देत, नकाशा तेवढा कुणी काढला नाही!)

माझी मान आखडली तेव्हा मी ठाण्याच्या नौपाड्यात हे चार-पाचदा करून घेतलं. टोचताना चुणचुण, मग कान गरम, आणि रात्री झोप अशी की अलार्म ऐकू आला नाही. दुखणं दोन दिवस हलकं, मग पुन्हा मूळपदावर. नकाशा मला काही पटत नाही. पण कानाच्या खोलगट भागात व्हेगस नर्व्हची (मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी, शरीर शांत करणारी नस) शाखा येते, त्यामुळे आराम वाटण्यात तथ्य असावं.

सुयांचं सीलबंद पाकीट समोर फोडायला लावा. कूर्चेत (कानाच्या लवचिक हाडात) संसर्ग झाला तर कानाचा आकार बिघडू शकतो. मधुमेह किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि आईंचा पाय बधिर होत असेल तर कान राहू द्या, आधी ऑर्थोपेडिककडे न्या.