भीमबेटका आणि भोजपूर एका दिवसात : आधी कुठे?

ए-२०३ : आपल्या सोसायटीच्या रविवारच्या सहलीचा मार्ग गाडीवाल्याला आज कळवायचाय. भोपाळहून भोजपूर जवळ पडतं. ते आधी करून मग भीमबेटक्याची गुहाचित्रं?

सी-७०२ : काका, उलटं करा. भोजपूरचं शंकराचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे. सकाळी गाभाऱ्यात काळोख असतो, चारच्या पुढे ऊन दारातून आत शिरतं. बाहेरच्या खडकांवर अकराव्या शतकातल्या कारागिरांनी कोरलेले देवळाचे आराखडे आहेत. रेघा उथळ आहेत, भर दुपारी नजरेला येत नाहीत. तिरप्या उन्हात उठून दिसतात.

बी-१०४ : भीमबेटक्याला ज्येष्ठांना झेपेल?

सी-७०२ : झेपेल ताई. गाडी वर टेकडीपर्यंत जाते, पुढे बांधलेली वाट आहे. दोन तास धरा. शैलाश्रय, म्हणजे खडकांचे नैसर्गिक आडोसे, ७०० च्या वर, पण पाहायला खुले पंधराएकच. तेही सगळे उरकायचा हट्ट नको. चार नंबरच्या ‘झू रॉक’ला अर्धा तास द्याच. तिथे चित्रावर चित्र काढलंय. रंगावरून वय ठरवू नका, लाल नि पांढरा दोन्ही अनेक काळांत वापरलेत. कुठली रेघ कुठल्या रेघेवरून गेलीय ते बघा, खालची जुनी. ढाल-तलवारवाले घोडेस्वार दिसले की ते ऐतिहासिक काळातले, शिकारीची बरीच चित्रं त्याच्या कितीतरी आधीची.

डी-५०१ : पाणी शिंपडलं की रंग खुलतो म्हणतात.

सी-७०२ : कोणालाही शिंपडू देऊ नका! पाणी सुकताना खडकातले क्षार वर येतात, चित्रावर पांढरी पुटं धरतात आणि पुढे रंगासकट सुटतात. हातही लावायचा नाही, फ्लॅश बंद. काही चित्रं उंचावर आहेत, दुर्बीण घ्या.

डी-५०१ : भीमबेटक्याच्या ‘ऑडिटोरियम’ गुहेत ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या मऊ अंगाच्या आदिम जीवाचा ठसा आहे ना?

ए-४०१ : ती बातमी २०२१ ची. २०२३ मध्ये इतर अभ्यासकांनी तपासलं तेव्हा मधमाश्यांच्या कुजलेल्या पोळ्याचा डाग निघाला. पोळी आजही लागतात तिथे. अत्तर-डिओ लावून जाऊ नका, खाली धूर नको, मुलांना दगड मारू देऊ नका. आणि वाकणकरांचं नाव मुलांना सांगा. उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर, रेल्वेतून दिसलेल्या खडकांच्या मागावर गेले आणि १९५७ मध्ये ही चित्रं जगापुढे आली.

ए-२०३ : मग अकरा ते तीन काय?

सी-७०२ : ओबेदुल्लागंजला जेवण, मग आशापुरी. भोजपूरहून सहाएक किमी. तिथल्या भूतनाथ मंदिर-समूहात प्रतिहार आणि परमार राजघराण्यांच्या काळातल्या देवळांचे अवशेष आहेत. सावली कमी, टोप्या घ्या.

भोजपूरला पिंडीपुढून हात जोडून परत फिरू नका. नुसतं लिंगच साडेसात फूट उंच, घेर जवळपास १८ फूट. पण देवळाच्या मागे जा. दगड वर चढवायला घातलेला मातीचा उतार तसाच शिल्लक आहे. देऊळ अपुरं राहिलं म्हणूनच तो राहिला, नाहीतर काम संपल्यावर काढून टाकतात. एवढे दगड वर कसे गेले, हे इतकं उघड फार कमी ठिकाणी दिसतं.

ए-२०३ : ७ ला निघू. गाडीवाल्याला भीमबेटका आधी असं कळवतो.