सोलरच्या मराठी पत्रकासाठी रूपक कोणतं घ्यावं?

कुळागरातली_फोंडा

मी फोंड्यात घरांच्या छपरावर सोलर बसवणाऱ्या एका लहान फर्ममध्ये काम करते. सत्तरी, डिचोली, धारबांदोड्याच्या वाड्यांवर वाटायचं मराठी पत्रक माझ्याकडे आलंय. चवथीआधी छापून हवं.

आताच्या पत्रकात चुकीचं काहीच नाही. ३ किलोवॅटला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान, नेट मीटरिंग (लाइनवर दिलेल्या आणि घेतलेल्या विजेचा हिशेब), पॅनेलची हमी, सगळं दिलंय. लोक घेतात, घडी घालून खिशात ठेवतात. फोन येत नाही. घरी जाऊन समजावलं की मात्र लगेच पटतं. मला वाटतं, दिवसा वीज द्यायची आणि रात्री घ्यायची, याचं चित्रच कागदावरून उभं राहत नाही.

मालकांनी तीन ओळी सुचवल्या आहेत: ‘छतावरची कामधेनू’, ‘तुमच्या घरचं वीजघर’ आणि ‘विजेची बँक’. मला शेवटची बरी वाटते. रूपकाने माणूस खरंच वळतो, की ते नुसतं कानाला गोड लागतं? आणि खोटं काही लिहायचं नाही. त्या वाड्यांवर माझे मामा आणि आत्या राहतात.

वायरमन_पेडणे

ताई, ‘घरचं वीजघर’ कृपा करून नको.

अनुदानातून बहुतेक घरांवर बसतं ते ऑन-ग्रिड, म्हणजे वीज खात्याच्या लाइनला जोडलेलं सोलर. बॅटरी नसते. लाइन गेली की सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारं यंत्र, आपोआप बंद पडतो. तो तसाच बनवलेला असतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या घराची वीज उलटी येऊन लागेल. आमच्याकडे एका दुसऱ्या विक्रेत्याने हीच ओळ छापली होती. जूनमध्ये फांदी पडून लाइन गेली आणि गिऱ्हाईक अंधारात बसलं. पत्रकात ‘लाइन गेली तरी वीज राहील’ असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण वीजघर म्हटल्यावर माणूस दुसरं काय समजणार? तो आजही वाड्यावर सगळ्यांना सांगतो, फसवलं म्हणून. शेजारच्या चार घरांनी त्यामुळे सोलरचं नाव काढलेलं नाही.

पणजीचा_जाहिरातलेखक

वायरमनदादांनी मुद्द्याला हात घातला. रूपक एकटं येत नाही, आपलं सगळं गणगोत घेऊन येतं, आणि गिऱ्हाईक त्या गणगोतावरही विश्वास ठेवतं.

माणूस वळतो का, तर हो, थोडा वळतो. सोपोरी आणि डिलर्ड या संशोधकांनी २००२ मध्ये तोवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. सरळ वाक्यापेक्षा रूपकाचं वाक्य जास्त पटतं, पण सरसकट फरक लहानच. तो वाढतो कधी? रूपक नवं असलं, एकच असलं, फार ताणलेलं नसलं, मजकुराच्या सुरुवातीलाच आलं आणि विषय वाचणाऱ्याच्या ओळखीचा असला तर. २०११ मध्ये थिबोडो आणि बोरोदित्स्की या मानसशास्त्रज्ञांनी एका शहरातल्या गुन्हेगारीबद्दल लोकांना मजकूर वाचायला दिला. काहींच्या मजकुरात गुन्हेगारी हे हिंस्र जनावर होतं, काहींच्या मजकुरात विषाणू. जनावरवाले पोलीस आणि शिक्षा वाढवा म्हणाले, विषाणूवाले कारणं शोधून सुधारणा करण्याकडे जास्त झुकले. पुढच्या काही प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही, तेव्हा त्याला जादू समजू नका. पण धडा कामाचा आहे: शब्द निवडताना आपण वाचणाऱ्याचा पुढचा प्रश्नही निवडत असतो.

आता तुमच्या ओळी. कामधेनू मागाल ते देते, न आटता. शिवाय इतक्या ठिकाणी वापरून झाली आहे की वाचणारा तिच्यावर थांबणार नाही. ‘बँक’ वाचून फोन येईल तो ‘महिन्याला किती पैसे जमा होणार?’ असा. व्याज, रोख, कधीही काढायची सोय, हे सगळं त्या शब्दात आहे, तुमच्या मीटरमध्ये नाही.

सत्तरी-धारबांदोड्यासाठी मी गावची दूध सोसायटी घेईन. सकाळी घरापुरतं ठेवून उरलेलं दूध घालायचं, मोजून नोंद होते, हिशेब महिन्याने. तुमच्या सोलरचं तेच: दुपारी घरात लागून उरलेले युनिट लाइनवर जातात, रात्री तिथूनच परत येतात, मीटर दोन्हीकडचं मोजतो. आणि या रूपकाचं गणगोतही प्रामाणिक आहे. गाय बारमाही सारखं दूध देत नाही हे त्या वाड्यांवर कोणाला शिकवावं लागत नाही, त्यामुळे पावसाळ्यात उत्पादन घटतं ही गोष्ट विकतानाच सांगून होते. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

एका जागी मात्र ते तुटतं. सोसायटी बंद असली तरी घरच्या गायीचं दूध घरी पिता येतं. लाइन गेल्यावर सोलरची वीज वापरता येत नाही. तिथे रूपक सोडा आणि सरळ लिहा.

दिवाडीचा_शेतकरी

मला ‘मानस’ सुचली, म्हणजे खाजनाच्या बांधातलं पाण्याचं दार. खाजनात, खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला बाहेरचं येऊ पाहतं. वीज बाहेर, वीज आत. गोव्याची अस्सल गोष्ट आहे, ती का घेऊ नये?

पणजीचा_जाहिरातलेखक

सुंदर आहे, आणि खाजनं टिकावीत म्हणून ती जागोजागी लिहिली जावी असं मला मनापासून वाटतं. पण मानशीची दारं भरतीच्या रेट्याने मिटतात, खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून. मीटर दोन्ही वाटा उघड्या ठेवतो. आणि सत्तरीच्या डोंगराकडे खाजनं नाहीत. ज्याने मानस पाहिली नाही, त्याला आधी मानस समजवावी लागेल.

कुळागरातली_फोंडा

सर, दादा, दोघांचंही ऐकलं. वरचा मजकूर असा केलाय:

“दुपारची वीज घाला, रात्रीची घेऊन जा. दूध सोसायटीसारखाच मोजून हिशेब. घरात वापरून उरलेले युनिट लाइनवर जातात, रात्री लागतील तसे परत मिळतात. पावसाळ्यात उत्पादन कमी होतं. लाइन गेली की सोलरही बंद. अंधारातही वीज हवी तर बॅटरीची सोय वेगळी, तिचा खर्च वेगळा.”

मालकांना शेवटचं वाक्य मागच्या पानावर हवंय. मी पुढेच ठेवा म्हणून भांडतेय. आणि त्यांना ‘बिल शून्य’ मोठ्या अक्षरात हवं आहे.

वायरमन_पेडणे

पुढेच ठेवा. ‘बिल शून्य’ काढा, स्थिर आकार राहतोच. ते रूपक नाही, सरळ दावा आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे, हे मालकांना दाखवा.

आणखी एक ओळ घाला: ‘मागच्या वर्षाची बिलं घेऊन या.’ १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरले तर ३ किलोवॅटचे महिन्याला ३५० च्या आसपास होतात. गोव्यात घरगुती वीज मुळात स्वस्त. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला ३ किलोवॅट विकू नका. बिलं समोर असली की किती बसवायचं ते तुम्हालाही कळेल आणि तुमच्या मामांनाही.