मदत हवी आहे: मेथी, कारल्याचा रस आणि बाबांची शुगर एकदम ६२

नमस्कार मंडळी, जरा घाबरलेय म्हणून लिहितेय. बाबांना १२ वर्षं डायबेटिस, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड ह्या शुगरच्या दोन्ही गोळ्या चालू. दीड महिन्यापूर्वी कुणीतरी सांगितलं आणि बाबांनी परस्पर रोज सकाळी भिजवलेले मेथीदाणे न् वर अर्धा ग्लास कारल्याचा रस सुरू केला. उपाशीपोटीची शुगर १५८ वरून १२० च्या आसपास आली, मग काय, बाबांची कॉलर ताठ!

परवा गोळी झाली, रस झाला आणि फोनवर गप्पा मारत बसले, नाश्ता राहिलाच. अकराला बघते तर हात थरथरतायत, बनियन घामाने चिंब, आणि मला विचारतात चष्मा कुठाय, तो डोळ्यावरच! मीटरवर ६२, म्हणजे फारच कमी. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी ८९, मग पोळीभाजी खायला लावली.

डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो नसो इन्सुलिन सोडायला लावते, त्यात कारलंही शुगर उतरवतं, रस आधी बंद करा. रसाचं आम्ही सांगितलंच नव्हतं, त्यांना ओरडायचा पूर्ण हक्क होता.

आता प्रश्न. रस बंद केला, पण कारल्याची भाजी जेवणात चालेल ना? मेथीदाण्यातला चिकट फायबर साखर हळूहळू रक्तात जाऊ देतो म्हणतात, मग ते उपाशीपोटी न घेता जेवणासोबत घेतले तर? आणि नाचणीचं कोडं सुटेना, भाकरी खाल्ली की दोन तासांनी १६५, पातळ आंबील प्यायले की २१०, धान्य तर तेच! आता जांभळाच्या बियांची पूड आणून ठेवलीय त्यांनी, मी डबा लपवलाय.

प्रतिसाद १: आंबीलीत पीठ बारीक, वर पातळ शिजलेलं, त्यामुळे लवकर पचतं आणि शुगर झपकन चढते. भाकरी चावून खावी लागते, सोबत भाजी-डाळ असते, त्याने वेग कमी होतो. भाजीला सहसा हरकत नसते, रसाइतकं कारलं एका जेवणात पोटात जात नाही. मेथीचं मात्र डॉक्टरांनाच विचारा, रक्त पातळ करायची गोळी असेल तर तीही सांगा.

लेखिका: गोळी आहे की! विचारते आजच.