मदत हवी आहे: हार्टमन शस्त्रक्रियेनंतर आतडे जोडताना लहान आतड्याचा तुकडाही काढला, तर त्याचा कोड ४४१२० वेगळा लावावा का?

नमस्कार. मी पुण्यातून अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या बिलांचे कोडिंग करते, म्हणजे प्रत्येक शस्त्रक्रियेला आणि निदानाला ठरलेला क्रमांक देते. तीन वर्षे झाली, पण आतड्यांच्या मोठ्या शस्त्रक्रिया माझ्याकडे गेल्या सहा महिन्यांपासूनच येऊ लागल्या आहेत. त्यांतील एक प्रकरण चार दिवस माझ्याकडे अडकून पडले आहे, म्हणून हा धागा काढत आहे. रुग्णाची ओळख पटेल असा कोणताही तपशील येथे देत नाही.

रुग्ण मेडिकेअरच्या (अमेरिकेतील ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या) वयातील आहे. डायव्हर्टिक्युलायटिसमुळे (आतड्याच्या भिंतीतील छोट्या पिशव्यांच्या दाहामुळे) मोठे आतडे फुटल्याने पूर्वी हार्टमन झाली होती, म्हणजे सिग्मॉइडचा (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणाचा) खराब भाग काढून खालचे टोक शिवून बंद केले होते आणि वरचे टोक कोलोस्टोमी म्हणून पोटावर आणले होते. पाच महिन्यांनी ती कोलोस्टोमी बंद करून आतडे पुन्हा जोडायचे ठरले. दुर्बिणीने सुरुवात झाली, पण आत सगळी आतडी एकमेकांना आणि पोटाच्या भिंतीला इतकी चिकटलेली निघाली की पोट उघडावे लागले. ती सोडवण्यातच १३५ मिनिटे गेल्याचे ऑप नोटमध्ये (शस्त्रक्रियेच्या नोंदीत) स्पष्ट लिहिले आहे. त्यानंतर लहान आतड्याचा १२ सेंटीमीटरचा तुकडा काढून टोके जोडली, स्प्लेनिक फ्लेक्शर (मोठ्या आतड्याचे प्लीहेजवळचे वळण) मोकळे केले आणि शेवटी स्टेपलरने मोठे आतडे गुदाशयाला जोडले.

मुख्य कोडबद्दल माझ्या मनात शंका नाही. उघड्या पद्धतीने, तुकडा काढून आणि गुदाशयाशी जोडून कोलोस्टोमी बंद केली आहे, म्हणून ४४६२६. दुर्बिणीचा ४४२२७ येथे येत नाही, कारण शस्त्रक्रिया उघडी होऊन पूर्ण झाली. ते सांगण्यासाठी झेड५३.३१ निदानांत जाईल. कोलोस्टोमी बंद करण्यासाठी झेड४३.३ आणि चिकटलेल्या आतड्यांसाठी के६६.० आहेच. स्प्लेनिक फ्लेक्शरचा ४४१३९ मी आधी लावला होता, पण तो ४४१४० ते ४४१४७ या मोठ्या आतड्याचा भाग काढण्याच्या कोडांच्याच जोडीने लागतो हे पुस्तक उघडल्यावर लक्षात आले आणि काढून टाकला. आतडी सोडवण्याचा ४४००५ मुख्य शस्त्रक्रियेतच धरला जातो, त्यामुळे त्या १३५ मिनिटांसाठी ४४६२६ वर मॉडिफायर २२ (नेहमीपेक्षा बरेच जास्त काम झाले हे सांगणारी जोड) लावायचा आहे. पहिल्या शस्त्रक्रियेनंतरची ९० दिवसांची मुदत केव्हाच संपलेली असल्याने त्या मुदतीतील पुढच्या शस्त्रक्रियेसाठीच्या ५८ किंवा ७८ या मॉडिफायरचा प्रश्न येत नाही.

अडचण लहान आतड्याच्या त्या तुकड्याची आहे. नोटमध्ये एका ठिकाणी लिहिले आहे की चिकटलेले लूप सोडवताना अनवधानाने छिद्र पडले. पुढच्याच परिच्छेदात म्हटले आहे की ते लूप पिळलेले आणि अरुंद झालेले होते, म्हणून तेवढा भाग काढला. आतडे मुळात खराब होते म्हणून काढले, की छिद्र पडले म्हणून काढले, हे या दोन वाक्यांवरून ठरत नाही. आतडे खराब होते असे धरले तर ४४१२० वेगळा मागता येईल असे मला वाटते. छिद्रामुळे काढले असेल, तर त्याच शस्त्रक्रियेत झालेल्या गुंतागुंतीच्या उपचाराचे वेगळे पैसे मेडिकेअर देत नाही.

आमच्या वरिष्ठांचे म्हणणे असे की नोटमध्ये "अरुंद" हा शब्द आहे, तेवढा पुरेसा आहे. ४४१२० ला ५९ (हे वेगळे काम होते असे सांगणारा मॉडिफायर) जोडून क्लेम आजच पाठवावा, क्वेरीत (शल्यचिकित्सकाला लेखी विचारण्यात) वेळ घालवू नये. मला हे पटत नाही. ४४१२० ला दुसरी शस्त्रक्रिया म्हणून निम्माच दर मिळाला, तरी त्यातला २० टक्के वाटा रुग्णाकडे जातो, आणि ज्याला पूरक विमा नाही त्याला तो खिशातून भरावा लागतो. माझ्या एका अंदाजापायी कोणाला तसे बिल जाऊ नये असे मला मनापासून वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: आपली शंका अगदी रास्त आहे आणि क्लेम थांबवला हे योग्यच केले. मी ऑडिटचे काम करतो. अशा नोटवर ४४१२०-५९ दिसले की मी तो क्लेम बाजूला काढतो. ५९ लावता येतो म्हणून लावायचा नसतो, दोन कामे खरोखर वेगळी होती असे नोटने सांगावे लागते. एनसीसीआयचा, म्हणजे कोणते कोड एकत्र मागता येत नाहीत हे सांगणारा मेडिकेअरचा तक्ता दर तिमाहीला बदलतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या तारखेला लागू असलेलाच तक्ता पाहा.

शल्यचिकित्सकाला क्वेरी पाठवाच. मात्र "आतडे अरुंद होते म्हणून काढले ना?" असे विचारू नका, उत्तर सुचवणारी क्वेरी अहिमा आणि एसीडीआयएस या वैद्यकीय नोंदींशी संबंधित अमेरिकन संस्थांच्या मार्गदर्शनात बसत नाही. नोटमधील दोन्ही वाक्ये जशीच्या तशी द्या, पॅथॉलॉजीच्या अहवालातील वर्णन द्या आणि तुकडा काढण्याचे कारण काय, एवढेच विचारा. के९१.७१ (शस्त्रक्रियेतील अपघाती छिद्राचा निदान-कोड) सुद्धा स्वतःहून लावू नका. ती गुंतागुंत होती हे शल्यचिकित्सकाने लिहायला हवे, कारण अपघाती छिद्राची नोंद रुग्णालयाच्या सुरक्षा निर्देशांकांपर्यंत जाते. आणि घाई कशाला? मेडिकेअरला क्लेम पाठवायला सेवेच्या तारखेपासून एक वर्ष मिळते.

मॉडिफायर २२ साठी मात्र १३५ हा आकडा एकटा पुरणार नाही. ऑप नोट आणि सोबत थोडक्यात निवेदन द्या: आतडी कुठे चिकटली होती आणि नेहमीच्या मानाने काम किती वाढले. लहान आतड्यावर गेलेला वेळ त्या मिनिटांत मिसळलेला नाही ना, हेही तपासा.

धागाकर्ती: मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणेच क्वेरी पाठवली. पॅथॉलॉजीच्या अहवालात आरपार छिद्र आणि भोवतीच्या भिंतीत थोडा तंतुमय जाडपणा असे दोन्ही होते, त्यामुळे तेवढ्यावरून काहीच ठरले नसते. शल्यचिकित्सकांनी तिसऱ्या दिवशी तारीख घालून पुरवणी नोट लिहिली: अरुंदपणा सौम्य होता आणि तेवढ्यासाठी आतडे काढले नसते, छिद्र मोठे असल्याने नुसते टाके पुरले नसते, म्हणून तुकडा काढला, ही चिकटलेली आतडी सोडवताना झालेली अपघाती इजा होती. त्यानुसार ४४१२० काढून टाकला, निदानांत के९१.७१ जोडला आणि आज दुपारी ४४६२६-२२ असा एकच शस्त्रक्रियेचा कोड, ऑप नोट, पुरवणी आणि निवेदनासह क्लेम पाठवला. आतडी सोडवण्याची १३५ मिनिटे छिद्राच्या दुरुस्तीपासून वेगळी मोजलेली आहेत, हेही त्यांनी पुरवणीत लिहून दिले आहे.